ओळखीचा दाखला

“आणि अटेस्ट?” मास्तरांनी विचारलं.

“लॅटिन. टेस्टिस म्हणजे साक्षीदार.” गिरिजाला आठवावं लागलंच नाही. “त्याच्याही मागं गेलं तर, पंडितांच्या मते, तिसरा उभा असलेला. दोघांत व्यवहार चालतो, तेव्हा जो तिसरा तिथं उभा असतो, तो.”

“छान. ॲफिडेव्हिट?”

“तेही लॅटिनच. ‘त्याने शपथेवर सांगितलं आहे.’ त्याच्या मुळाशी विश्वास हा शब्द आहे, सर.”

“गॅरंटी?”

“ती जुन्या जर्मन टोळ्यांकडून फ्रेंचांकडं गेली, तिथून इंग्रजीत. राखण करणं, असा मुळातला अर्थ. गॅरंटी आणि वॉरंटी सख्ख्या बहिणी. एक फ्रान्सच्या उत्तरेकडून इंग्लंडात उतरली, एक मधल्या भागातून. दुकानदार उगाच दोन गोष्टी असल्यासारखं सांगतात.”

ती हसली. मास्तर हसले नाहीत.

मी शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसलो होतो. मी माईणकर. इथल्याच तालुका कोर्टात तीस वर्षं बेंच क्लार्क होतो. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मुजावरमास्तरांच्या अंगणात येऊन पेपर वाचतो, कारण घरी वाचू देत नाहीत.

मुजावरमास्तर म्हणजे दस्तगीर बाबालाल मुजावर. वय एक्क्याऐंशी. टेकडीवरच्या दर्ग्याची दिवाबत्ती त्यांच्या घराण्याकडं. पहाटे दर्ग्याच्या पायऱ्या झाडायच्या, मग खाली येऊन पेरूच्या झाडाखाली कट्ट्यावर बसायचं. निवृत्त होण्याआधी चौतीस वर्षं सरकारी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, शेवटची अकरा वर्षं हेडमास्तर.

त्या काळी गुणपत्रिकेच्या प्रतीवर ‘अटेस्टेड’ म्हणून साहेबाची सही लागायची. दुसरे साहेब डबा खाता खाता गठ्ठ्यावर सह्या मारायचे. मास्तरांचं तसं नाही. मूळ कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचे. मग समोरच्याला तीन प्रश्न. आईचं नाव काय? सकाळी काय खाल्लंस? या कागदाचं काय करणार?

तिन्हीची उत्तरं ऐकायचे, तोंडाकडं बघायचे, मग सही. एका पोराला पाव तास. बाहेर रांग लागलेली, अर्जाची मुदत संपत आलेली, आणि आत हे विचारतायत सकाळी काय खाल्लंस! माझ्या थोरल्याच्या वेळी मी स्वतः त्यांना शिव्या घातल्यात. मनातल्या मनात, पण घातल्यात.

गिरिजा चौगुले त्यांची लाडकी विद्यार्थिनी. सातवीपासून इथं शिकवणीला यायची. आता वकील, वय एकतीस. इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचं तिला वेड. बार रूममध्ये ती शब्द सोडवून सांगायला लागली की म्हातारे वकीलही चहा गार होऊ देत. ‘हमीचे शब्द’ नावाची एक वहीच केली होती तिनं. छापायचं चाललं होतं. हुशार खरीच. आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक.

“सर,” ती म्हणाली, “परीक्षा झाली असेल तर माझं काम सांगू?”

“सांग.”

“एक दाखला हवाय. मी हिला वीस वर्षं ओळखतो, ही शब्दाची पक्की आहे, एवढंच. तुमच्या सहीला या तालुक्यात अजून मान आहे.”

“कशासाठी हवाय?”

पेरूवर पोपट आले, एक पेरू टोचून गेले …

“उद्या अकरा वाजता माझी साक्ष आहे,” ती शेवटी म्हणाली.

प्रकरण मला ठाऊक होतं. कोर्टाच्या आवारातलं पानही मला न सांगता गळत नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. प्रतिज्ञापत्रावर नोटरीचा शिक्का पडण्याआधी एका वकिलाची सही घेतात. तिथं छापलेलंच असतं, ‘मी या व्यक्तीस ओळखतो.’ ओळखतो कसला, डोंबलाचं! पक्षकार कारकुनामागं ताटकळत असतो, वकील दुसऱ्या कोर्टाकडं पळत असतो, जाता जाता सही होते. स्वतःच्या बायकोचा वाढदिवस लक्षात नसलेले वकील दिवसाला दहा परक्या माणसांना ‘ओळखताना’ मी पाहिलेत.

तीन वर्षांपूर्वी गिरिजानं अशीच एक सही केली. आक्काताई दत्तू लोहार नावाच्या बाईनं वडलांच्या जागेतला आपला हक्क भावाला सोडला, असा तो कागद. त्यावर डावा अंगठा. पण ती बाई आक्काताई नव्हतीच. भावानं कुणीतरी दुसरीच उभी केली होती. खऱ्या आक्काताईला कळलं ते दोन वर्षांनी, भाऊ जागा विकायला निघाला तेव्हा. तिनं दावा लावला. तज्ज्ञानं लिहून दिलं, ठसा फरफटलेला आहे, मत देता येत नाही. नोटरी म्हणाला, वकीलबाईंनी ओळख दिली, मी शिक्का मारला.

म्हणजे सगळं येऊन अडलं गिरिजाच्या एका शब्दावर. आक्काताईच्या वकिलानं तिला साक्षीला बोलावलं होतं.

“तू काय सांगणार?” मास्तरांनी विचारलं.

“भोसेकर सर म्हणतात, नियमाप्रमाणे खात्री करूनच सही केली, एवढंच सांग. पुढचं ते बघतील.”

भोसेकर वकील म्हणजे गिरिजाचे सीनियर. तेच भावाचे वकील. त्यांच्याच कारकुनानं ती बाई आणली होती.

“खात्री केली होतीस?”

“सर, सगळेच तसं करतात …”

“सही कशावर ठेवून केलीस?”

“काय?”

“कागद कशावर ठेवला होतास?”

“… कारकुनाच्या पाठीवर.”

“त्यालाही शब्द आहे ना एक तुमच्यात?”

“एंडॉर्स,” ती हळू म्हणाली. “डॉर्सम म्हणजे पाठ. कागदाच्या पाठीवर लिहिणं.”

“पाठ आहे तुला सगळं.”

गिरिजाचे कान लाल झाले. “सर, सहायक सरकारी वकिलांची यादी पुढच्या महिन्यात लागतेय. माझं नाव आहे त्यात. मी उद्या भलतंच बोलले तर यादी राहू दे, सनदच जाईल. माझ्या घरात पहिली वकील मी. बाबांनी गिरणीत पिठात उभं राहून शिकवलंय मला.”

हे मात्र खरं होतं. तिचा बाप मी पाहिलाय, भुवयासुद्धा पांढऱ्या.

“कागद आण,” मास्तर म्हणाले.

तिनं बॅगेतून कोरा कागद काढला, पेनही काढलं. मास्तरांनी आपलंच शाईचं पेन घेतलं. मांडीवर पाटी ठेवून सावकाश लिहिलं, सही केली, तारीख घातली, शाई वाळेपर्यंत धरून ठेवलं. मग घडी घालून तिच्या हातात दिलं.

तिनं घडी उघडली. वाचलं. पुन्हा वाचलं.

मला राहवलं नाही. मी मान लांब करून वाचलं.

“मी, दस्तगीर बाबालाल मुजावर, सत्य लिहून देतो की ॲडव्होकेट गिरिजा चौगुले यांना मी ओळखत नाही.”

“सर, हे काय?”

“दाखला.”

“मी तुमच्या घरात वाढलेय! ईदेचा शीरखुर्मा आधी मला, मग तुमच्या नातवंडांना! आणि तुम्ही मला ओळखत नाही?”

“आक्काताई दिसते कशी?” मास्तरांनी विचारलं.

“अं?”

“उंच आहे? बुटकी आहे? पुरावा म्हणून नाही विचारत. सहज.”

गिरिजानं कागदाची घडी पुन्हा घातली.

“माहीत नाही, सर. खरीला मी पाहिलेलं नाही, आणि खोटी मला आठवत नाही.”

“कोर्टात येत असेल की.”

“तिचे वकील येतात. ती नगरपालिकेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तारखेला आली तर दिवस बुडतो.”

“मग जा.”

“कुठं?”

“शाळेत.”

“साक्षीच्या आदल्या दिवशी पक्षकाराला भेटायचं? उलटतपासणीत सोलून काढतील मला!”

“विचारलं तर सांग, भेटले म्हणून. माईणकर, तुम्ही सोबत जा. तिसरा कुणीतरी उभा असावा.”

अहो, माझा काय संबंध? पण मास्तरांपुढं कोण बोलणार. मी चपला घातल्या.

ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा मागून मास्तरांचा आवाज आला. “पोरी, एक राहिला. आन्सर?”

ती वळली नाही. रागावली होती. पण उत्तर दिल्याशिवाय राहायची सवय नव्हती तिला.

“आरोपासमोर उभं राहून घेतलेली शपथ,” ती म्हणाली. “जुन्या इंग्रजीत उत्तर म्हणजे तेवढंच होतं.”

“बरं,” मास्तर म्हणाले आणि माझा पेपर उचलून वाचायला लागले.

शाळेच्या मागच्या पडवीत एक बाई तांदूळ निवडत बसली होती. बुटकी, रुंद खांद्यांची. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. शेजारी पातेलं, पातेल्यात पाणी.

“कोन पायजे?” तिनं वर न बघता विचारलं.

“मी … चौगुले. वकील.”

बाईचा हात थांबला. तिनं गिरिजाकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“तुमीच व्हय त्या,” ती म्हणाली. “मला वळखता म्हनं तुमी.”

मी दुसरीकडं बघितलं. भिंतीवर पाढे लिहिले होते, ते वाचले.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण आक्काताईनं सूप पुढं सरकवलं. “बसा. खडं काढू लागा. दीडला पोरं येत्यात.”

गिरिजा काळा कोट सावरत खाली बसली. दोघी निवडायला लागल्या.

“सर्टस,” गिरिजा स्वतःशीच पुटपुटली. “चाळून वेगळं काढलेलं. सर्टिफाय त्यातूनच …”

“काय म्हनलासा?”

“काही नाही. एका शब्दाचा अर्थ.”

“व्हय का? मग जरा हिकडं बगा. तांदूळ टाकलासा बाजूला, आनि खडा ठेवलासा सुपात.”

गिरिजानं पाहिलं. खरंच होतं.

आक्काताईनं खडा उचलून फेकला. मला हसू येत होतं, मी खोकलो.

मग गिरिजानं विचारलं, “तुमच्या आईचं नाव काय?”

मी चमकलो. हा प्रश्न कुठून आला ते मला कळलं. तिला कळलं होतं की नाही, देव जाणे.

“रखमा,” आक्काताई म्हणाली. “बा ऐरनीवर, आई भात्यावर. भाता वडून वडून तिचा उजवा खांदा वर आलता. मला तिनंच शिकीवला. ह्यो डाग तितलाच.”

“सकाळी काय खाल्लंत?”

“आं? भाकरी न् ठेचा. का वो?”

“असंच. आणि ती जागा मिळाली तर काय करणार?”

“काय करायचंय? भाऊ ऐरन भंगारात घालायला निगालाय. बाची ऐरन. मला जागा नको, ऐरन तेवडी …” ती थांबली. “न्हाई, खोटं कशाला बोलू? जागा बी पायजे. दाल्ल्यानं टाकल्याली बाई मी. हात चालत्यात तवर खिचडी. मग कुटं जाऊ? ह्या पडवीत मरू?”

डोळे कोरडे होते तिचे. आवाज मात्र फाटला.

“त्या कागदावर अंगठा आहे,” गिरिजा म्हणाली.

“मी अंगटा देत न्हाई!” आक्काताई केवढ्यांदा तरी बोलली. “प्रौढांच्या वर्गात शिकलेय मी. म्याडमनं हात धरून गिरवून घ्येतलंय. बारा वरसं झाली, हितल्या रजिस्टराला बगा. त्यो दुसरा वकील म्हनतो, सही येनारा बी येकांद्या टायमाला अंगटा देतो, कायदा काय अडवत न्हाई. त्येला काय म्हाईत मी कशी शिकले!”

तिनं सूप जमिनीवर सपाट ठेवलं. तांदूळ तळहातानं सारखे केले आणि बोटानं त्यात अक्षरं काढली. आक्काताई. शेवटच्या ईचा तुरा जरा जास्तच लांब, मान उंच केल्यासारखा.

गिरिजा त्या नावाकडं बघत राहिली.

“मी एक प्रश्न विचारला असता त्या दिवशी …”

“कुनीच इचारला न्हाई, बाई. कागदावर मी हुते. पर मला कुनी इचारलंच न्हाई.”

गिरिजानं ओठ दाबले. मग सरळ सांगून टाकलं, “उद्या खरं बोलले तर माझी सनद जाईल. म्हणजे वकिलीचा परवाना.”

“म्हंजी तुमचा भाता,” आक्काताई म्हणाली.

तिनं नावावरून हात फिरवला आणि तांदूळ पातेल्यात ओतले. सांगा म्हणाली नाही, सांगू नका म्हणाली नाही, पाया पडली नाही. चुलीत लाकूड सरकवून एवढंच म्हणाली, “अवगड हाय.”

परत येताना गिरिजा चौकात मला म्हणाली, “काका, तुम्ही घरी जा. मी बाबांकडं गिरणीत जातेय. त्यांना आजच सांगायला हवं.”

“काय सांगणार?”

ती गिरणीच्या रस्त्याला वळली. चाल बदलली होती. सकाळी पळत आली होती, आता पाय टेकवून चालत होती.

दुसऱ्या दिवशी मी साडेदहालाच कोर्टात जाऊन बसलो. माझी जुनी जागा. नव्या क्लार्कनं कपाळाला आठ्या घातल्या, मी दुर्लक्ष केलं.

गिरिजा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. इतकी वर्षं ती समोरच्या बाजूला उभी असायची.

“ईश्वराची शपथ की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा?” क्लार्कनं विचारलं.

“प्रतिज्ञा.”

इंग्रजीत त्याला अफर्म म्हणतात. पक्कं करणं, असा अर्थ तिच्या वहीत मी वाचला होता. तिनं दोन्ही हात कठड्यावर टेकवले.

आक्काताईच्या वकिलानं कागद पुढं धरला. “‘मी या व्यक्तीस ओळखतो’, याखालची सही आपली?”

“माझी.”

“सही करताना ती बाई आपल्या ओळखीची होती?”

भोसेकर वकिलांनी चष्मा काढला. तिच्याकडं बघून बारीकशी मान हलवली, हो म्हण अशी. बापासारखी हलवली. मला त्या माणसाचा मनापासून राग आला.

पंखा फिरत होता …

“नव्हती,” गिरिजा म्हणाली.

“तिला काही विचारलं होतंत?”

“नाही.”

“तिच्याकडं पाहिलं तरी होतंत?”

“नाही. कारकुनाच्या पाठीवर कागद ठेवला आणि सही केली. मी तिचं तोंडही पाहिलं नाही.”

जज्जसाहेबांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. “ॲडव्होकेट चौगुले, आपण काय सांगताय ते आपल्याला कळतंय ना? याचे परिणाम आपल्यावर होतील.”

“कळतंय, साहेब. लिहून घ्यावं.”

भोसेकर उलटतपासणीला उठले तेव्हा त्यांची मान लाल झाली होती. “काल दुपारी आपण वादीला भेटलात. खरं की खोटं?”

“खरं.”

“कशासाठी? साक्ष ठरवायला?”

“ओळख करून घ्यायला. ती तीन वर्षांपूर्वी करून घ्यायची होती.”

मागं कुणीतरी हसलं. भोसेकर हसले नाहीत. “म्हणजे आता ओळखता?”

“हो. त्या दाराशी उभ्या आहेत. आईचं नाव रखमा. भाता आईनं शिकवला, मनगटावरचा डाग तेव्हाचा. सही स्वतः करतात. शेवटच्या ईचा तुरा लांब काढतात.”

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. आक्काताई चौकटीला टेकून उभी होती. खिचडी शेजारणीवर टाकून आली होती, पदराला हळद तशीच. ती गिरिजाकडं बघत होती. रडत होती की काय, मला नीट दिसलं नाही, कारण माझ्याच चष्म्यावर पाणी आलं होतं. खोटं कशाला सांगू?

निकाल पुढच्या तारखेला लागणार होता. पण आता त्या कागदात राम उरला नव्हता, हे भोसेकरांनाही कळलं होतं.

त्यांनी दुसरंही काम उरकलं. दुपारच्या सुट्टीत गिरिजाची पुस्तकं ऑफिसाबाहेर बाकावर आली. तीन वाजेपर्यंत बार कौन्सिलकडं तक्रार गेली. चारपर्यंत सगळ्या आवाराला ठाऊक झालं की यादीतून चौगुलेंचं नाव कटणार. आमचे लोक कामाला कधी एवढे चपळ नसतात.

पाचच्या सुमारास ती मास्तरांच्या अंगणात आली. दोन्ही हातांत पुस्तकांच्या पिशव्या. मी आधीच येऊन सगळं सांगून ठेवलं होतं, दोनदा.

तिनं पिशव्या कट्ट्यावर ठेवल्या आणि खाली पायरीवर बसली. सातवीत बसायची त्याच पायरीवर.

“सांगितलं, सर,” ती म्हणाली.

“हं.”

“सनद राहील की जाईल, माहीत नाही. चौकशी लागणार.”

“लागणार.”

“बाबांना कालच सांगितलं. त्यांनी गिरणी बंद केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. केसात सगळं पीठ.” ती हसायला गेली आणि रडायलाच लागली. चांगली हुंदके देऊन रडली. आम्ही दोघं म्हातारे इकडं तिकडं बघत बसलो.

थोड्या वेळानं मास्तरांनी विचारलं, “सकाळी काय खाल्लंस?”

तिनं डोळे पुसत वर पाहिलं. “काही नाही, सर.”

मास्तर आत गेले. ताटलीत भाकरी आणि कालवण घेऊन आले. ती खात होती तोवर पोपट आले, त्यांना कुणी हाकललं नाही.

“ती वही छापायला कधी देणार?” मी उगाच विचारलं.

“नाही देणार इतक्यात, काका. अर्थ सगळे बरोबर आहेत. पण पुन्हा लिहायला हवी.”

तिनं हात धुतले, कोट उचलला. जायला निघाली.

“तो कागद आहे का?” मास्तर म्हणाले.

“कुठला? तुमचा दाखला?” तिनं वहीतून घडी काढली. चार ठिकाणी चुरगळलेली, पण नीट जपलेली. “आहे ना. म्हटलं, चौकशीत हाच जोडावा. तुमच्या सहीचा दुसरा कुठला आहे माझ्याकडं?”

मास्तरांनी हात पुढं केला.

“आण इकडं. तो खोटा झालाय आता.”